बकरम डबल

काळा घोड्याजवळच्या एका दुकानात मागच्या महिन्यात एक टोपी पाहिली. खुंटीवर नव्हे, काचेखाली. महालक्ष्मीच्या डर्बीला कुणा बाईंनी घालायची म्हणून मुंबईतल्या एका फॅशन डिझायनरने काढलेलं डिझाइन. आता ते जाड सुती कागदावर छापून, सही करून, पांढऱ्या फ्रेममध्ये बसवून ‘आर्ट प्रिंट’ म्हणून विकायला ठेवलं होतं. किंमत साडेअकरा हजार. डिझायनरचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या एका माणसाशी नाही. शिवाय चित्र सुरेख आहे, हेही आधीच सांगून टाकते.

टोपीचा काठ एका अंगाला झुकलेला, पिंपळाचं पान वाळताना कडेने वळतं तसा. लाल शाईची एकच रेघ, मध्ये कुठेही हात उचललेला नाही. वर काळ्या पिसाचे दोन फटकारे. खाली मानेची नुसती चाहूल, चेहरा नाहीच. आणि उजव्या कोपऱ्यात, सहीपासून लांब, पेन्सिलीने घाईघाईत लिहिलेलं: ‘बकरम डबल. काठ आत.’

त्या चार शब्दांपाशी मी अडकले. शर्टाची कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते खळीचं कडक कापड म्हणजे बकरम. ते दुहेरी घाल आणि काठ आतल्या बाजूने दुमड, असं कोणीतरी कोणाला तरी सांगतंय. ते मला सांगितलेलं नाही, साडेअकरा हजार मोजणाऱ्यालाही नाही. म्हणजे आपण ज्याला चित्र म्हणतोय ती मुळात एक चिठ्ठी आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याची सही खाली झोकात आहे. ज्याला लिहिली त्याचा पत्ता नाही.

दुकानातल्या मुलाला विचारलं, “ही टोपी शिवली कोणी?” तो गोंधळला. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, “मॅम, ये तो प्रिंट है.”

त्याचं काही चुकलं नाही. पण तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे.

आधी एक वाद निकालात काढू. माझ्या ओळखीतले एक निवृत्त चित्रकला शिक्षक हे ऐकून उसळले. टोपीचं डिझाइन आणि कला? उद्या ब्लाऊजचं माप फ्रेम करून लावाल! मला हे नाकाने कांदे सोलणं वाटतं, आणि तेही चुकीच्या शहरात. वात्स्यायनाने दिलेली चौसष्ट कलांची यादी बघा. आलेख्य, म्हणजे चित्र काढणं, तिच्यात आहेच. पण त्याच यादीत शेखरकापीडयोजन आहे, म्हणजे डोक्यावर मिरवायचे अलंकार रचण्याची कला. नेपथ्यप्रयोग आहेत, म्हणजे वेशभूषा. सूचीवानकर्म आहे, सुई आणि विणकाम दोन्ही त्यात आलं. सगळ्या एका पंगतीत बसलेल्या. चित्रकाराला पाटावर आणि शिंप्याला ओसरीवर, असं तिथे नाही.

ही पंगत मोडली ती नंतर. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात कित्येक दशकं ललित कला एका संस्थेत आणि उपयोजित कला दुसऱ्या संस्थेत शिकवत. मध्ये चालत दोन मिनिटांचं अंतर, पण मानपानात ते बरंच मोठं. गंमत म्हणजे १८५७ साली सुरू झालेल्या याच शाळेत १८६५ मध्ये शिकवायला आलेल्या लॉकवुड किपलिंगचं काम बघायचं तर क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर मान वर करून बघावं लागतं. खाली कोथिंबिरीचे ढीग, वर त्याची उठावशिल्पं. ‘व्हीटी’च्या दगडी नक्षीतही या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. आपल्या शहराची कला अशी पहिल्यापासून कामाच्या जागी उभी आहे. चित्रकार हुसेन यांनी याच शहरात शिड्यांवर चढून सिनेमाची होर्डिंग रंगवली. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छापखान्यातले माणूस होते.

आणि भानू अथैया. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातली मुलगी, जन्म १९२९ चा. जे. जे. ची सुवर्णपदक विजेती. आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या १९५३ च्या मुंबईतल्या प्रदर्शनात हिची चित्रं होती, त्या सगळ्या पुरुषांच्या घोळक्यात. त्याच सुमाराला ती ‘ईव्हज वीकली’सारख्या बायकांच्या नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटनं करत होती. पुढे सिनेमाच्या वेशभूषेकडे गेली आणि चित्रकलेच्या जगाने तिच्या नावावर काट मारल्यासारखं केलं. १९८३ साली ‘गांधी’साठी ऑस्कर मिळालं, भारतीय व्यक्तीला मिळालेलं पहिलं. तरी ती ‘ड्रेस डिझायनर’च राहिली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ती गेली, आणि डिसेंबरमध्ये तिच्या संग्रहातल्या कामाचा लिलाव झाला. तेव्हा कुठे लोकांना आठवलं की अरे, ही तर चित्रकार होती! ती कधी नव्हती? हात तोच, कागद तसलाच. पाटी तेवढी आपण बदलली, तीही बाई हयात नसताना.

तेव्हा टोपीचं रेखाटन ही कला आहे की नाही, यावर मी आणखी शाई खर्च करणार नाही. भिंतीवर लावा, खुशाल लावा.

छापील चित्राचीही मुंबईला नवलाई नाही. माझ्या आजीची गिरगावातली खोली पागडीची होती. (डोक्यावरची पगडी केव्हाच गेली, भाड्याची तेवढी मुंबईने जपली.) त्या दहा बाय बाराच्या खोलीत देव्हाऱ्याच्या वर लक्ष्मीची एक जुनी तसबीर होती, राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातली. हा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि मग मळवलीला गेला. तिथे दगडावरून छपाई होई. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एका चित्राला अनेक दगड. आजीच्या लक्ष्मीच्या साडीवर मात्र खरी जर टाकलेली होती. पदराला टिकल्या, किनारीला बारीक कलाबतू, गळ्यात मण्यांची सर. आजीच्या सासूने हे सगळं सुईने चित्रावर टाचलं होतं. तेव्हा घरोघरी बायका हे करत. रविवर्म्यांचं नाव तसबिरीखाली छापलेलं. सुई चालवणाऱ्या बाईचं नाव आजीला ठाऊक होतं म्हणून मला ठाऊक आहे, आणि माझ्यानंतर ते कोणालाच ठाऊक नसेल.

लहानपणी मी त्या टिकल्यांवरून बोट फिरवायची. कागद थंड आणि गुळगुळीत, जर खरखरीत. काचेआडून ते जमलं नसतं. काच नंतर आली, पावसाळ्यात बुरशी धरायला लागली म्हणून.

पॅरिसमध्येही याच सुमाराला टोप्या आणि झगे कागदावर येऊ लागले होते. फॅशन डिझायनर पॉल प्वारेने १९०८ साली चित्रकार पॉल इरीबकडून आपल्या कपड्यांची चित्रं काढून घेतली आणि त्यांचा संच छापला. १९१२ पासून ‘गाझेट द्यु बाँ ताँ’ नावाच्या मासिकात अशी चित्रं येत. पत्र्याचे साचे कापून, एकेक रंग हाताने भरून ती तयार होत. म्हणजे फॅशनच्या जाहिरातीचं पान, पण रंग भरणारे कारागीर खोलीभर बसलेले. आज त्या मासिकाची पानं सुटी करून, फ्रेम करून विकली जातात. कोको शनेलची सुरुवात टोप्यांच्या दुकानापासून झाली आणि क्रिस्तियन दिओर पॅरिसच्या फॅशनघरांना टोप्यांची रेखाटनं विकून पोट भरत होता. डिझायनर एल्सा स्कियापारेलीने १९३७ च्या हिवाळ्यात चित्रकार साल्वादोर दालीबरोबर बुटाच्या आकाराची टोपी केली, टाच आकाशाकडे. टोपी आणि चित्रकला यांची सोयरीक अशी जुनी आहे.

माझा आक्षेप सुरू होतो तो यानंतर. कला म्हणून किंमत घ्यायची असेल तर कलेचे रिवाजही पाळा.

पहिला रिवाज आकड्यांचा. त्या प्रिंटच्या खाली पेन्सिलीने ‘३/५०’ लिहिलं होतं, म्हणजे पन्नासांतली तिसरी प्रत. दगडावरून किंवा तांब्याच्या पत्र्यावरून छापताना या आकड्याला अर्थ होता. पत्रा झिजतो, रेघ बोथट होते, पन्नासावी प्रत पाचवीसारखी येत नाही. आता छपाई शाईचे फवारे मारणाऱ्या यंत्रावर होते. या छपाईला १९९१ साली अमेरिकेतल्या जॅक ड्युगनने ‘जिक्ले’ असं फ्रेंच नाव दिलं, कारण ‘इंकजेट’ म्हटलं की ऑफिसातल्या प्रिंटरची आठवण होते. फाईल झिजत नाही. पन्नासनंतर एक्कावन्नावी प्रत सोडायला अडवतो तो फक्त दिलेला शब्द. मग तो शब्द पुरता द्या की. याच चित्राच्या लहान आकाराच्या प्रती ऑनलाइन अमर्याद विकता का? हीच रेघ उशीच्या अभ्र्यावर आणि कॉफीच्या मगावर येते का? येत असेल तर तसं लिहा. घेणारा घेईलच, माहीत असून घेईल. नाहीतर मराठीत ज्याला टोपी घालणं म्हणतात तेच, फक्त फ्रेमसकट.

पण आकड्यांचं काय, आज ना उद्या ग्राहक शहाणा होईल. मला जास्त खुपतो तो दुसरा रिवाज, नावांचा.

माझी भाची फॅशन शिकते. तिच्या परीक्षेच्या कामासाठी मागच्या वर्षी तिच्याबरोबर धारावीतल्या एका कारखान्यात गेले होते. कारखाना म्हणजे पोटमाळा. लोखंडी शिडीने चढायचं, वर गेल्यावर मान वाकवूनच राहायचं. खालच्या अर्ध्या भागात अड्डे लावलेले, लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेले जरदोजीचे कारागीर. आरीची सुई खाली जाते, वर येते, आणि बोटं बोलण्यात खंड पडू देत नाहीत. एका कोपऱ्यात खाके छापणं चाललं होतं. बटर पेपरवर नक्षी काढायची, रेघेवरून सुईने बारीक भोकं पाडत जायचं, तो कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली पूड फडक्याच्या बोळ्याने वरून पुसायची. कागद उचलला की कापडावर ठिपक्यांची नक्षी उमटलेली. हाही एक छापच. दोन-चारदा वापरला की कागद भिजून, फाटून जातो, मग त्यानेच हात पुसतात. काळा घोड्याला कोणी याला आर्ट प्रिंट म्हणणार नाही.

भाचीने आपलं टोपीचं रेखाटन पुढे केलं. तिथे टोप्या करणारे एक चाचा होते, साठीच्या पुढचे. त्यांनी कागद हातात घेतला, आडवा धरला, मग उलटा. म्हणाले, “ये खडा नहीं रहेगा.” भाची म्हणाली, चित्रात तर उभा आहे. ते हसले. शेजारचं वर्तमानपत्र ओढलं, त्याची गोल चकती कापली, एका जागी चीर दिली, कडा एकीवर एक सरकवून दाबल्या आणि समोर ठेवलं. काठ दोन सेकंद उभा राहिला आणि हळूच लवंडला. मग त्यांनी आतल्या कडेने बोटभर पट्टी दुमडली, चिमटीने चुण्या घातल्या, पुन्हा ठेवलं. या वेळी उभा राहिला. “इधर तार डालना पडेगा, और बकरम दो परत.” लाकडी साच्यावर ओलं बकरम ओढून वाफ देताना ते कुठे ताणतं, कुठे सैल पडतं, हे त्यांनी अंगठ्याने दाखवलं. त्यांच्या अंगठ्याची कड भाजून भाजून गुळगुळीत झाली होती.

भाचीने तिथेच बसून रेखाटन बदललं. काठाचा झोक थोडा कमी केला, वळण अलीकडे घेतलं. आणि कोपऱ्यात टीप लिहिली. म्हणूनच काळा घोड्याला ‘बकरम डबल’ वाचल्यावर मी जागच्या जागी थबकले. त्या डिझायनरकडे काय घडलं ते मी पाहिलेलं नाही. पण ही माहिती कागदातून उगवत नाही, ती कोणाच्या तरी अंगठ्यातून येते, एवढं मी पाहिलेलं आहे. ज्या रेघेला आपण डिझायनरची रेघ म्हणतो ती कित्येकदा अशी दुरुस्त होऊन आलेली असते.

‘कारागीर सांगितलं तेवढं करतो’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या शिडीवर चढून यावं.

कोणी म्हणेल, छापील चित्राखाली घडवणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत कुठे आहे? आहे, आणि चांगली जुनी आहे. युरोपातल्या जुन्या कोरीव छापांच्या तळाशी पुष्कळदा दोन नावं असतात. डावीकडे चित्र काढणाऱ्याचं, त्यापुढे ‘डेल.’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘याने रेखाटलं’. उजवीकडे तांब्यावर कोरणाऱ्याचं, त्यापुढे ‘स्कल्प.’, म्हणजे ‘याने कोरलं’. दोन्ही नावं सारख्याच बारीक अक्षरांत. जपानी लाकडी ठशांच्या छापांवर प्रकाशकाचा शिक्का असतो आणि काहींवर ठसा कोरणाऱ्याचाही. चित्र काढणारा मोठा असेल, पण कोरणारा नसता तर ते चित्र तुमच्यापर्यंत आलंच नसतं, हे त्या काळच्या धंद्याला समजत होतं.

एवढं लांब कशाला, आपलं मराठी पुस्तक उघडा. पहिलं पान उलटलं की मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, सगळ्यांची नावं. कवितासंग्रहाच्या तीनशे प्रती निघाल्या तरी जुळणी करणाऱ्याचं नाव राहतं. या सवयीचं मूळ फार प्रेमळ नाही, हे खरं. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचं नाव-गाव छापणं सक्तीचं केलं ते सरकारला कोणाच्या दारात पोलीस पाठवायचे हे कळावं म्हणून. पण पकडण्यासाठी मागितलेलं नाव पुढे मानाचं झालं. अक्षरं जुळवणारा ‘सांगितलं तेवढंच’ करतो, लेखकापेक्षा एक शब्द जास्त नाही. तरी आपण त्याचं नाव छापतो. मग काठ उभा करून दाखवणाऱ्याचं का नाही? मुंबईच्या सिनेमातही शेवटी स्पॉटबॉयपर्यंत नावं सरकत जातात, आपण तोवर पार्किंगपर्यंत पोचलेलो असतो, तरी ती सरकतात.

यावरचा खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो दबक्या आवाजात सांगितला जातो. नाव लिहिलं तर दुसरा डिझायनर त्या कारागिराला पळवेल. हे भय खोटं नाही. चांगला टोपीवाला किंवा चांगला आरीवाला मिळणं कठीण, आणि एकदा मिळाला की त्याचा पत्ता डिझायनर तिजोरीत ठेवल्यासारखा जपतात. पण याचा अर्थ नीट लावून बघा. ज्याला पळवून नेण्याइतकी किंमत आहे तो नुसता हुकमाचा ताबेदार कसा? आणि आपल्या हुन्नराचं नाव झाल्यावर चार पैसे जास्त देणाऱ्याकडे जाणं हा गुन्हा असेल, तर डिझायनरही एका फॅशनघरातून दुसऱ्यात जातात, त्यांच्या पार्ट्या होतात.

दुसरी अडचण मला खरोखर अडचण वाटते. काही कारागिरांना नाव नकोच असतं. मधला ठेकेदार चिडेल, कारखाना ज्या जागेत चालतो तिचे कागद धड नसतील. चाचांना मी विचारलं होतं, तुमचं नाव लिहिलं तर? ते म्हणाले, “लिखके क्या होगा, काम भेज देना.” याला माझ्याकडे चटपटीत उत्तर नाही. ज्याला नको त्याच्यावर नाव लादू नये. पण विचारावं तरी. विचारलंच नाही आणि ‘त्यांना नकोच असतं’ म्हणून मोकळं व्हायचं, ही आपली जुनी चाल आहे, घरात काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत आपण रोज खेळतो ती. नाव नको असेल तर कारखान्याचं लिहा, नाहीतर नुसतं ‘टोपी धारावीत घडवली’ एवढं लिहा. तेवढ्यानेही भिंतीवरची टोपी हवेतून खाली येते.

कायद्याकडे यात फार आशेने बघू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रेखाटन ही कलाकृतीच, तिच्यात कलागुण असो वा नसो, हे कायद्याने स्वतःच म्हटलेलं आहे (आमच्या चित्रकला शिक्षकांना हे ऐकवायला हवं). कलाकृतीला संरक्षण कर्त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. तेच डिझाइन म्हणून २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवलं तर जास्तीत जास्त १५ वर्षं. नोंदवलंच नाही आणि त्यावरून औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा जास्त नग काढले, तर डिझाइनवरचा कॉपीराइट तिथेच संपतो. कलाकृती कुठे संपते आणि डिझाइन कुठे सुरू होतं, यावर एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला नव्याने कसोटी सांगावी लागली, आणि तो खटला गॅस वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या आराखड्यांचा होता. तेव्हा ‘आर्ट’ ही पाटी लावण्यात नुसती हौस नसते, हिशेबही असू शकतो. या सगळ्या कलमांत अंगठा भाजलेल्या माणसाचा उल्लेख कुठेच नाही. भौगोलिक मानांकन आहे म्हणाल, तर ते गावाचं असतं. पुणेरी पगडीला २००९ मध्ये मिळालं, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये. ते पगडीचं गाव वाचवतं, ती बांधणाऱ्याचं नाव वाचवत नाही.

कोल्हापुरीवरून आठवलं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर तसल्या चपला आणल्या आणि उगमाचा उल्लेख केला नाही, तेव्हा आपण सगळे किती तापलो होतो. मीही दोन ठिकाणी तावातावाने बोलले. कंपनीला प्रेरणा कुठली ते कबूल करावं लागलं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंतही गेलं. राग रास्तच होता. पण मिलानहून आलेल्या चपलेला ‘कोणी केली’ विचारणारे आपण काळा घोड्याच्या टोपीला ते विचारत नाही, कारण इथे डिझायनर आपल्यातला आहे. कारागीर मात्र दोन्हीकडे तोच आहे, आणि दोन्हीकडे तितकाच निनावी.

हे बदलायला कायदा लागत नाही, एक ओळ लागते. दरवर्षी काळा घोडा महोत्सव भरतो, गॅलऱ्या आहेत, संग्रहालयं आहेत. फॅशनची रेखाटनं किंवा त्यांचे छाप मांडायचे असतील तर पाटीवर रेखाटणाऱ्याच्या नावाशेजारी घडवणाऱ्याचं नाव लागेल, छपाई कशी आणि किती प्रतींची ते लागेल, एवढी अट आयोजकांनी घालावी. एकाने घातली की बाकीचे घालतात. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, जुन्या मुंबईतल्या समाजांचे वेश दाखवणाऱ्या. कोणाच्या डोक्यावर काय होतं ते पगडीच्या घडीसकट त्यात टिपलेलं. मूर्तीखाली समाजाचं नाव असतं. पगडी बांधणाऱ्याचं तेव्हा कोणाला सुचलं नाही. आता इतक्या वर्षांनी तरी सुचायला हरकत नव्हती.

परवा पुन्हा त्या दुकानात गेले, भाचीला चित्र दाखवायला. तिसरी प्रत विकली गेली होती, तिच्या जागी ‘७/५०’ लागलेली. भाची काचेला नाक लावून कोपऱ्यातली टीप वाचत होती. मी त्या मुलाला म्हटलं, जरा मागची बाजू दाखव. त्याने फ्रेम काढून उलटी धरली. तपकिरी कागद, चार खिळे, सुतळी, आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक पिवळा स्टिकर: फ्रेम करणाऱ्याचं नाव, ग्रँट रोडचा पत्ता, दोन मोबाइल नंबर, ‘रविवार बंद’. भाची म्हणाली, “मावशी, याला कोणी विचारलं असेल का लावू का म्हणून?”

मुलगा म्हणाला, “वो खुद ही चिपका देता है, मॅम.”